बारसं न झालेला

संध्याकाळचे साडेसात. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलवर श्रावणातला पाऊस कोसळतोय. मेट्रोच्या खांबांवरून पाण्याच्या धारा लागल्यात आणि रिक्षांची रांग पार काशीमिऱ्याकडे वाढत गेलीय. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसला आहात. पुढ्यात मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' उघडी, शेजारी वही. उद्या वर्गात टिपण वाचायचं आहे. पहिलं वाक्य लिहून झालंय: फ्रँकेन्स्टाइन हा माणसाने घडवलेला राक्षस आहे.

शेजारच्या घरात बारसं आहे. दारात चपलांचा ढीग, जिनाभर घुगऱ्यांचा वास. पाळणा सजलाय, बाळ नवं झबलं घालून तयार आहे, पण सगळं अडून राहिलंय, कारण बाळाच्या आत्याची लोकल पावसात अडकलीय. नाव तीच ठेवणार. तिने कानात सांगेपर्यंत ते नुसतंच 'बाळ'.

तुम्ही आपल्या वाक्याकडे पुन्हा बघता. त्यात चूक आहे, आणि ती जगभर होते. फ्रँकेन्स्टाइन हे घडवणाऱ्याचं नाव. जिनिव्हाचा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकायला गेलेला हुशार तरुण. त्याने जे घडवलं त्याला सबंध कादंबरीत नाव नाही. मग त्याला म्हणायचं काय? पान मागे उलटा. अजून मागे.

खोली गार पडते. ६ मार्च १८१५ ची सकाळ, लंडन. समोर सतरा वर्षांची एक मुलगी आहे, मेरी गॉडविन, पुढची मेरी शेली. तिच्या कुशीतली मुलगी २२ फेब्रुवारीला जन्मली, दिवस भरण्याआधीच. रात्री मेरी तिला पाजायला उठली होती. बाळ इतकं शांत निजलेलं दिसलं की तिने त्याला उठवलं नाही. आता उजाडलंय आणि बाळ गार आहे. तुम्ही मनातल्या मनात, आपल्याकडच्या सवयीने, दिवस मोजता. बाविसाव्या तारखेपासून धरले तर काल बारावा दिवस होता. त्या मुलीला नाव ठेवलेलं नव्हतं.

तसेच बोटांवर मोजत आणखी मागे चला. ही मेरी स्वतः जन्मली ३० ऑगस्ट १७९७ ला. बाळंतपणात वार पडली नाही, डॉक्टरने ती हाताने काढली, आईच्या अंगात विष भिनलं. १० सप्टेंबरला आई गेली. मोजा: बारावा दिवस. स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारी मेरी वॉलस्टनक्राफ्ट ती हीच. लेकीच्या वाट्याला आलं ते आईचं नाव, आणि ते नाव कोरलेला दगड. त्या दगडावरची अक्षरं गिरवत ती वाचायला शिकली, असं सांगतात.

बाळ गेल्यावर तेरा दिवसांनी ती रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवते. बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं. शेकोटीपुढे धरून चोळल्यावर त्यात जीव आला. मग जाग येते, आणि बाळ नसतं.

मला विचाराल तर 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुरुवात इथे आहे. पाठ्यपुस्तकं ती सुरुवात जिनिव्हात सांगतात आणि तीही खोटी नाही, म्हणून तिथेही डोकावून घ्या. जून १८१६. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख वर आभाळात पसरली आणि युरोपचा उन्हाळा पावसात वाहून गेला. सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, पर्सी शेली, क्लेअर क्लेअरमॉन्ट आणि मेरी शेकोटीभोवती बसलेत. प्रत्येकाने भुताची एक गोष्ट लिहावी असं बायरनने सुचवलंय. बेडकाच्या पायाला विजेचा झटका देणाऱ्या गॅल्व्हानीच्या प्रयोगांवर, प्रेतात जीव फुंकता येईल का यावर पुरुष बोलतायत. मेरी ऐकतेय. तिचं दुसरं मूल, पाच महिन्यांचा विल्यम, जवळच्याच घरात झोपलाय. बाकीच्यांना प्रश्न पडलाय तो जीव आणावा कसा याचा. तो आल्यावर त्याला कुणी उचलून घ्यायचं, हे या खोलीत एकट्या मेरीलाच ठाऊक आहे.

तिचं बोट धरून कादंबरीत शिरा. नोव्हेंबरची रात्र, काचेवर पाऊस, मेणबत्ती विझत आलेली. आठ फुटांच्या त्या देहाचा एक पिवळा डोळा उघडतो. दोन वर्षं ज्या क्षणासाठी जिवाचं रान केलं तो आला, आणि व्हिक्टर दुसऱ्या खोलीत पळतो, अंथरुणावर अंग टाकतो. थोड्या वेळाने पडदा हलतो. नुकताच जन्मलेला तो जीव पलंगाशी उभा आहे. तोंडातून अस्फुट आवाज येतोय आणि एक हात पुढे आलाय. कुठल्याही मुलाचा येतो तसा. व्हिक्टर त्या हाताखालून निसटतो आणि घराबाहेर धूम ठोकतो.

त्या जिवाच्या मागोमाग जंगलात जा. भिकाऱ्यांनी सोडलेला विस्तव त्याला सापडतो. ऊब आवडते म्हणून तो त्यात हात घालतो आणि कळवळतो. मग एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपतो आणि भिंतीच्या फटीतून द लेसी कुटुंबाकडे महिनोन्‌महिने बघत राहतो. एकेक शब्द शिकतो: विस्तव, दूध, भाकर, लाकूड. आणि मग ती जागा येते जिथे तुमची पेन्सिल थबकायला हवी. त्याच्या लक्षात येतं की इथल्या माणसांना एकाहून जास्त नावं आहेत. मुलगी अगाथा आहे, आणि कुणाची बहीणही. मुलगा फेलिक्स आहे, भाऊ आहे, मुलगाही आहे. आंधळ्या म्हाताऱ्याला मात्र एकच नाव, बाबा. भाषा त्याच्यापुढे नात्यांतून उलगडत जाते. आपल्या घरातल्या लेकराला काका, मावशी, आज्जी असंच जग कळतं ना, तसं. सगळी नाती शिकून झाल्यावर तो स्वतःकडे वळतो, तर त्याला हाक मारायला एकही शब्द नाही.

पुढे त्याला वाचता येऊ लागतं. प्रयोगशाळेतून निघताना अंगावर चढवलेल्या कपड्यांच्या खिशात काही कागद असतात: त्याच्या जन्माआधीच्या चार महिन्यांची व्हिक्टरची टिपणं. त्याच्या जन्माची नोंदच म्हणा. काय काय वापरलं, कसं जोडलं, पाहून किती किळस आली, सगळं त्यात आहे. नाव नाही.

आपल्या वर्तमानपत्रांना या कादंबरीची आठवण झाली की ती भस्मासुराशी बांधतात. ती उपमा मला कधीच पटली नाही. भस्मासुराला वर मिळाला आणि तो माजला. या जिवाला काहीच मिळालं नाही. जवळचं नातं शोधायचंच असेल तर ते कर्णाशी आहे. जन्मताच पाण्यात सोडलेलं मूल. पण कर्णाची पेटी अधिरथाने उचलली, राधेने त्याला पदराखाली घेतलं, आणि 'राधेय' म्हणवून घेताना त्याला आयुष्यभर अभिमान वाटला. या जिवाला राधा भेटली असती तर? द लेसीच्या झोपडीत शिरून तो आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरतो तेव्हा ती भेटता भेटता राहते. म्हाताऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो ऐकून घेतो. तेवढ्यात मुलं परततात आणि फेलिक्स काठी घेऊन धावतो. पुढचे खून, व्हिक्टरचा धाकटा भाऊ, मित्र, नवी नवरी, हे सगळं या दुपारनंतर. पहिला बळी म्हणजे तो धाकटा भाऊ विल्यम. स्वतःच्या तान्ह्या मुलाचं नाव मेरीने त्याला दिलं. असं लिहायला केवढा धीर लागला असेल!

आता तारीख धरा १ जानेवारी १८१८. लंडनमध्ये पुस्तक निघतं: तीन भाग, पाचशे प्रती, लेखिकेचं नाव नाही. त्याच दिवशी इकडे भीमेच्या काठी कोरेगावला लढाई चालू आहे आणि पाच महिन्यांत पेशवाई संपणार आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण तुम्ही नावांच्या मागावर निघाला आहात, म्हणून कोरेगावच्या स्तंभापाशी क्षणभर थांबा. पडलेल्या शिपायांची नावं त्या दगडावर कोरलेली आहेत, आणि त्यांत 'नाक' असा शेवट असलेली बावीस महार शिपायांची नावं आहेत. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, ज्यांचं नाव कुठल्या वहीत सन्मानाने आलं नसतं, ती नावं अजून वाचता येतात. नाव कोरलेलं असलं की काय होतं हे दर १ जानेवारीला तिथे जमणाऱ्या लाखोंना विचारा.

लंडनला परता. २९ ऑगस्ट १८२३, स्ट्रँडवरचं इंग्लिश ऑपेरा हाउस. विधवा मेरी, उद्या सव्वीस पूर्ण होणारी, आपल्याच कादंबरीवरचं नाटक बघायला प्रेक्षागृहात बसलीय. पर्सी आदल्या वर्षी समुद्रात बुडाला. कादंबरीची दुसरी आवृत्ती याच महिन्यात निघाली आणि तिच्यावर पहिल्यांदा मेरीचं नाव छापलं गेलं. तिच्या हातातल्या पत्रकात नटांची यादी आहे. टी. पी. कुक या नटासमोर, भूमिकेच्या जागी, नुसत्या रेघा मारल्यात. जो अनाम आहे त्याचा उल्लेख असाच करायला हवा, म्हणून मेरीला ती युक्ती फार आवडते. पुढे ती तसं पत्रात लिहिते. नाटकाने मात्र एक अन्याय केला: त्या जिवाला मुकं करून टाकलं. मूळ कादंबरीत सगळ्यांत सुंदर बोलतो तो तोच.

इथून तुम्हाला वाटेल की आता थेट हॉलिवूड. नाही. आता सिल्व्हर पार्कलाच यायचं आहे, पण या सगळ्या इमारती पुसून टाकून.

१५ मार्च १८२९, रविवार. तुमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे मोकळी जमीन उन्हाने तडकलीय. भाईंदरच्या खाडीकडे मिठागरं पांढरी होत चाललीत. वाफ्यांत अडवलेलं भरतीचं पाणी आटतंय आणि पोटऱ्यांपर्यंत फुटलेले पाय घेऊन माणसं लाकडी फावड्यांनी मीठ ओढतायत. साष्टी बेट मराठ्यांकडून इंग्रजांकडे जाऊन पंचावन्न वर्षं होत आलीत. घोडबंदरपर्यंत चालत जा, भरती लागली की होडीत बसा. उजव्या हाताला येऊरचे डोंगर, डावीकडे वसईची बाजू. गायमुख, नागला बंदर मागे पडतं आणि ठाणं येतं.

सेंट जेम्स चर्चमध्ये लग्न आहे. नवरदेव थॉमस एडवर्ड्स, सॅपर्स अँड मायनर्समधला शिपाईगडी. नवरी मेरी अ‍ॅन ग्लॅसकॉट. तिचे वडील विल्यम ग्लॅसकॉट १८१० मध्ये इंग्लंडहून आले, मुंबईच्या चौथ्या देशी पलटणीत अधिकारी झाले. हे सगळं कागदावर आहे. आणि नवरीची आई? कंपनीच्या कागदांत, चर्चच्या नोंदींत तिचं नाव कुठेही सापडत नाही. अभ्यासकांनी त्यावरून तर्क बांधला तो सरळ आहे: ती इथली, हिंदुस्थानी किंवा अर्धी हिंदुस्थानी असणार, म्हणूनच तिचं नाव लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

चर्चच्या दाराबाहेर बायका उभ्या आहेत. तुम्ही एकेक चेहरा न्याहाळता. तिला माहेरी काय म्हणत असतील? सोनी? गंगू? बानू? तिच्या बारशाला कुणी तिच्या कानात वाकून काही सांगितलं असेलच ना. साहेबाच्या घरात शिरताना ते नाव उंबऱ्याबाहेर राहिलं.

आता तिचा वंश बोटांवर मोजा. मेरी अ‍ॅन आणि थॉमसला दोन मुली झाल्या. धाकटी अ‍ॅना, जन्म ५ नोव्हेंबर १८३१, अहमदनगर. त्याच सुमारास लंडनमध्ये मेरी शेली 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुधारलेली आवृत्ती काढत होती, हे पुस्तक आपल्याला कसं सुचलं ते प्रस्तावनेत सांगत होती. ही नगरची अ‍ॅना पुढे अ‍ॅना लिओनोवेन्स म्हणून सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेली आणि जगप्रसिद्ध झाली. आपण वेल्समध्ये जन्मलो असं ती जन्मभर सांगत राहिली. नगर तिने पुसलं, त्याबरोबर आजीही पुसली. मला तिचा राग येत नाही. त्या काळात गोऱ्या जगात उभं राहायचं तर तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती?

थोरली एलायझा. तिची मुलगी एलायझा सारा हिचं १८६४ मध्ये सुरतेत एडवर्ड प्रॅटशी लग्न झालं. हा प्रॅट हिंदुस्थानातल्या मीठ महसूल खात्यात अधिकारी होता. मीठ! आत्ताच तुम्ही ज्या ढिगांच्या कडेने चालत आलात त्या मिठावरचा कर. त्यांचं नववं, शेवटचं मूल विल्यम हेन्री प्रॅट, २३ नोव्हेंबर १८८७ ला लंडनमध्ये जन्मलं. आई लवकर गेली, मोठ्या भावंडांनी वाढवलं. मुलाचा रंग सावळा. विशीत तो कॅनडाला निघून गेला, नाटक कंपनीत शिरला आणि त्याने स्वतःला नवं नाव दिलं: बोरिस कार्लॉफ.

ठाण्याच्या चर्चमधली ती नवरी या कार्लॉफची पणजी. जिचं नाव कुणी लिहिलं नाही ती खापरपणजी.

ऑगस्ट १९३१, कॅलिफोर्निया, युनिव्हर्सल स्टुडिओ. 'फ्रँकेन्स्टाइन'वरचा चित्रपट तयार होतोय, त्यातला तो अनाम जीव कार्लॉफ होणार आहे. वर्षभरापूर्वीच वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रही लाठ्या खात होते. इथे मीठ खात्यातल्या अधिकाऱ्याचा त्रेचाळीस वर्षांचा मुलगा रंगभूषेच्या खुर्चीत बसलाय. जॅक पिअर्स त्याच्या कपाळावर कापूस आणि डिंकासारख्या द्रावाचे थर चढवतोय. रोज सुमारे चार तास. वरून करडा-हिरवा रंग, जो कृष्णधवल फितीवर प्रेताच्या कातडीसारखा फिकट दिसतो. कार्लॉफने एका बाजूच्या बनावट दातांची पट्टी काढून ठेवलीय, म्हणजे गाल खोल जाईल. डोळे फार जागे दिसतात म्हणून पापण्यांवर मेण चढवायचंही त्यालाच सुचलं. ठाण्या-सुरतेकडून आलेला सावळा रंग थरांखाली बुजतो, आणि जगाच्या डोळ्यांसमोर कायमचा राहणारा चेहरा तयार होतो.

आता छप्पर उघडण्याचा प्रसंग बघा. अंधाऱ्या खोलीत वरून ऊन येतं. तो मान वर करतो, दोन्ही हात उंचावतो आणि तो उजेड हातात धरायला बघतो. छप्पर बंद होतं. तो घडवणाऱ्याकडे रिकामे तळहात पसरतो. त्याला इथेही वाचा दिलेली नाही, पण कार्लॉफने हातांनी सगळं सांगितलं. कादंबरीत व्हिक्टरच्या पलंगाशी पुढे आलेला हात तो हाच.

चित्रपट नोव्हेंबरमध्ये लागतो. थिएटरात बसा आणि सुरुवातीची नामावली नीट वाचा. इतर नटांची नावं आहेत. राक्षसाच्या भूमिकेसमोर प्रश्नचिन्ह आहे. आणि मूळ कादंबरी कुणाची? मिसेस पर्सी बी. शेली यांची. मेरी हे नाव पडद्यावर नाही. अनाम जीव, अनाम पुस्तक, नवऱ्याच्या नावाखाली झाकलेली लेखिका, आणि त्या प्रश्नचिन्हामागच्या माणसाच्या रक्तात एक अशी बाई, जिचं नाव ठाण्याच्या एकाही नोंदीत नाही. तुमच्या घशाशी काहीतरी येतं. थिएटरातले मोठे लोक किंचाळतात. लहान मुलं मात्र पुढे कार्लॉफला पत्रं लिहीत राहिली, आणि त्या पत्रांत त्या बिचाऱ्या जिवाबद्दल कळवळा होता, असं तो कौतुकाने सांगायचा.

पाऊस ओसरलाय. तुम्ही पुन्हा खिडकीशी आहात, समोर शेवटची पानं. उत्तरेकडच्या बर्फातून नुकत्याच सुटलेल्या जहाजावर व्हिक्टर मरून पडलाय आणि तो जीव त्याच्या उशाशी उभा राहून रडतोय, क्षमा मागतोय. मग तो सांगतो की आता आपणच आपली चिता रचू, राख समुद्रावर जाईल. त्याला अग्नी द्यायलाही कुणी नाही.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज येतो. जिन्यात धावपळ, "आली, आत्या आली!" ओली छत्री तुमच्या दाराला टेकवून ती लगबगीने आत जाते. भिंतीपलीकडे पाळण्याची कडी करकरते. बायका एकदम गप्प होतात.

तुम्ही वहीतलं पहिलं वाक्य खोडता. त्याखाली लिहिता: फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला, आणि पुढे कुकच्या पत्रकात होती तशी एक लांब रेघ ओढता. पेन्सिल कागदावरून उचलायच्या आत भिंतीतून ऐकू येतं, कुर्रर्र, आणि टाळ्या, आणि दचकून रडायला लागलेलं बाळ, ज्याला आता सगळं घर एकदम हाका मारतंय.